डब्यात 'एन' उरला नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी सोंगटी आहे आणि मी रागावलेली आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या, म्हणजे मध्येच कुणी "ही एवढी तडतडते कशाला?" असं विचारायला नको. माझ्या अंगावर इंग्रजी 'ई' हे अक्षर कोरलेलं आहे. कोपऱ्यात बारीक आकड्यात माझी किंमत लिहिलेली आहे. एक गुण.

शब्द जुळवण्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडायच्या, शब्द करायचा आणि गुण मिळवायचे. त्यात 'क्यू' आणि 'झेड' यांना दहा-दहा गुण असतात. ही मंडळी कधीतरी पटावर उतरतात आणि उतरली की खेळणारे टाळ्या पिटतात. मी मात्र प्रत्येक डावात राबते. माझ्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नाही. जी जास्त राबते तिची किंमत कमी, हा हिशोब कुणी मांडला ते मला ठाऊक नाही. पण तो फक्त आमच्या पटावरच चालतो असंही मला वाटत नाही. तुमच्या घरात सगळ्यांची ताटं कोण वाढतं आणि टाळ्या कुणाला मिळतात, ते एकदा बघून ठेवा.

माझा जन्म खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात झाला. खुर्चीचे पाय कापून झाले की लाकडाच्या ज्या चकत्या उरतात, त्यांतून मी आणि माझी भावंडं निघालो. एका कारागिरानं आम्हाला पॉलिशपेपरवर घासलं, दुसऱ्यानं तापलेल्या ठशानं अक्षरं उमटवली. चटका बसला, पण नाव मिळालं. मग आम्हाला कापडी पिशवीत भरलं, पिशवी खोक्यात गेली, खोकं दुकानात गेलं, आणि एके दिवशी ते मास्तरांनी विकत घेतलं.

मास्तर शाळेत शिकवत नव्हते. ते शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होते. शब्द कुठून आला, कुणाचा नातेवाईक आहे, पूर्वी त्याचा अर्थ काय होता, हे शोधायचं त्यांचं काम. त्यातही त्यांच्या वाट्याला आले होते आखूड शब्द: इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश अशा एकाच कुळातल्या भाषांमधले दोन-तीन अक्षरांचे, कुणी न विचारलेले. कचेरीतले लोक त्यांना गमतीनं 'चिंधीमास्तर' म्हणायचे. मास्तर म्हणायचे, "लांब शब्द फोडला की त्याचे सांधे दिसतात. आखूड शब्दाला सांधाच नसतो. तो फोडायचा कुठून?" आणि चष्मा पुसून पुन्हा कामाला लागायचे.

संध्याकाळी त्यांच्याकडे त्यांची भाची यायची. तिची आई, म्हणजे मास्तरांची बहीण, दवाखान्यात दुसऱ्या पाळीला असायची; तोवर मुलगी मामाकडे. मग खिडकीजवळच्या टेबलावर पट मांडला जायचा.

"मामा, टी-ओ-ओ-एम? हा शब्दच नाहीये!"

"आहे. टूम."

"ही तुझी नवी टूम दिसतेय."

"जुन्या बोलीतल्या इंग्रजीत टूम म्हणजे रिकामं. डॅनिश आणि स्वीडिश लोक रिकाम्या डब्याला आजही टोम म्हणतात. सोंगट्यांच्या पिशवीत हात घालून बघ. टूम आहे."

"आणि तुझं डोकं?"

"ते गच्च भरलंय. म्हणून तर तू हरतेस."

ती पाय आपटायची आणि पुन्हा खेळायला बसायची. एकदा मास्तरांनी तिला सांगितलं की इंग्रजीतलं 'टाउन', जर्मनमधलं 'त्साउन' आणि डचमधला 'टाउन'सारखाच ऐकू येणारा एक शब्द, ही तिन्ही सख्खी भावंडं. पहिल्याचा अर्थ गाव, दुसऱ्याचा कुंपण, तिसऱ्याचा बाग. मुळात होतं फक्त कुंपण. भाची म्हणाली, "म्हणजे वाटण्या झाल्या! कुंपण जर्मननं ठेवलं, बाग डचनं घेतली आणि इंग्रजी अख्खं गाव घेऊन पळाली." मास्तर इतके हसले की मी पटावरून उडाले. ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. मला एकच गुण होता, पण तेव्हा मला त्याचा राग येत नव्हता.

मग भाची मोठी झाली, दातांची डॉक्टर झाली आणि दुसऱ्या शहरात दवाखाना थाटून बसली. मास्तर निवृत्त झाले. आणि त्यांचा पुतण्या, म्हणजे भावाचा मुलगा, घरात राहायला आला. "काका, थोडे दिवसच," असं म्हणून आला. मित्रांनो, 'थोडे' या शब्दाची व्युत्पत्ती मला माहीत नाही. पण त्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ काय होता, ते मी सांगू शकते.

पुतण्या वाईट माणूस नव्हता. हे मी दात-ओठ खाऊन सांगते आहे, पण खरं तेच सांगितलं पाहिजे. तो मास्तरांची औषधं आणायचा, विजेची बिलं भरायचा. फक्त त्याला ऐकू यायचं ते त्याच्या सोयीपुरतं. त्यानं तीन महिन्यांत जर्मन शिकवणारा एक वर्ग केला होता आणि आता त्याला स्वतःचा वर्ग काढायचा होता. त्यासाठी त्याला हवी होती मोठ्या खिडकीची पुढची खोली. तिथे मास्तरांचा पलंग होता. त्यानं जागा करायला कपाट सरकवलं तेव्हा आमची पिशवी वरून पडली आणि फाटली. सोंगट्या घरभर झाल्या. त्यानं केरसुणीच्या टप्प्यात आल्या तेवढ्या गोळा करून बिस्किटाच्या डब्यात भरल्या. बाकीच्या गेल्या. कुणी सोफ्याखाली, कुणी केरात. 'आय' हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून गेला. 'एन' तर एकही उरला नाही. डब्यात आम्ही मोजके होतो: मी, माझी एक जुळी 'ई', एकेक 'ए', 'ओ', 'आर', 'टी', 'एम', आणि दहा-दहा गुणांचे दोन नवाब. एवढ्या मोठ्या भाषेतलं एवढंच सामान.

"कुणी खेळतंय आता?" असं म्हणून त्यानं झाकण लावलं.

त्यानंतर मास्तरांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, तोंडातून फक्त घशातला आवाज निघायचा. मान सारखी बारीक थरथरायची. पण डोकं जागेवर होतं, मित्रांनो. पूर्ण जागेवर. इस्पितळातून निघताना तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं होतं, "यांना कळत असेल. विचारून बघत जा."

पुतण्यानं विचारून बघितलं. कसं? एका हातात पेन, एका हातात कंगवा धरला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "काका! पेन कुठलं? पेन!"

ज्या माणसानं 'पेन' या शब्दाचं मूळ पिसापर्यंत नेऊन पोचवलं होतं, त्यानं डोळे मिटून घेतले. मी त्यांच्या जागी असते तर कंगवा चावला असता. पुतण्यानं उसासा टाकला आणि भाचीला फोन केला, "काका आता ओळखत नाहीत गं. येऊन काय करणार? तुलाच त्रास होईल." तीही नाही आली. दवाखान्यात गर्दी होती म्हणे. तिच्यावरही माझा राग आहे. तो माझा मी धरून ठेवलेला आहे.

मास्तरांना सांभाळायला एक बाई ठेवल्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्या कुणाच्या आईची बहीण नव्हत्या, पण हात मायेचा होता. पुसता पुसता त्यांना डबा सापडला. "घ्या बाबा, चाळा होईल हाताला," असं म्हणून त्यांनी आम्हाला पलंगावरच्या ट्रेमध्ये ओतलं. मास्तरांचा डावा हात आमच्यावर आला. पेन धरता येत नव्हतं त्या हाताला, पण सोंगटी ढकलता येत होती. इतक्या वर्षांनी ते बोट माझ्या पाठीवर टेकलं आणि मला कळलं, हा चाळा नाही.

त्यांना तहान लागली होती. पाण्याला इंग्रजीत जे अक्षर सुरुवातीला लागतं, ते डब्यात नव्हतं. मराठीतलं 'पाणी' मांडायचं, तर त्याचीही अक्षरं नव्हती. मग त्यांनी मला पुढे ढकललं, शेजारी 'ए' ठेवला. ई-ए. हा फार जुना इंग्रजी शब्द. वाहतं पाणी, नदी. डॅनिश आणि स्वीडिशमध्ये तोच शब्द झिजून एकच अक्षर उरलाय, डोक्यावर कडं घातलेला 'ए'. मास्तरांचा लाडका.

मावशींनी वाचलं. त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती. त्या विचारात पडल्या, मग त्यांचा चेहरा उजळला. "अगो बाई! टी राहिली की सुरुवातीची! चहा हवाय बाबांना!"

आणि चहा आला. साखर घालून. मास्तरांनी पुन्हा ई-ए मांडलं. पुन्हा चहा. "बाबांना चहाचं वेड लागलंय," मावशी कौतुकानं सांगायच्या. एका दुपारी मास्तरांनी डाव्या हातानं कप उडवला. चहा पुतण्याच्या इस्त्रीच्या पँटवर गेला. त्यानं मान हलवली. "चिडचिड वाढलीये. डोकं फिरत चाललंय त्यांचं."

शब्द बरोबर होता. ऐकणाऱ्यानं त्यात आपलं अक्षर घातलं आणि वेडा ठरला बोलणारा! माझ्या लाकडाला आग लागली असती तर बरं झालं असतं.

यापुढचं ऐका. जेवणाच्या वेळी पुतण्या आधी स्वतः बसायचा. ताटात उरेल ते पुन्हा वाटीत सारायचा, थोडं गरम पाणी घालून कालवायचा आणि ती वाटी काकांसाठी पाठवायचा. "त्यांना मऊच लागतं. वाया कशाला घालवायचं?" मावशींच्या लक्षात आलं नव्हतं, पण पुढच्या खोलीतून मास्तरांना आरशात जेवणाचं टेबल दिसत होतं. त्यांनी वाटी दूर सारली आणि मांडलं: ओ-आर-टी. ऑर्ट. खाऊन उरलेला तुकडा. उष्टं. उत्तरेकडच्या जर्मन बोलींतून आलेला शब्द; त्याच्या पोटात 'खाणं' लपलेलं आहे. उष्ट्याला याहून नेमका शब्द इंग्रजीत नाही आणि तो कुणी वापरत नाही.

मावशींनी पुतण्याला हाक मारली. तो आला, वाकला, वाचला आणि खुशीनं ओरडला, "अहो, हे तर जर्मन! ऑर्ट म्हणजे जागा! काका जागेबद्दल बोलतायत. त्यांना जागा बदलायचीये!"

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली.

"हो हो, काका, कळलं," पुतण्या त्यांचा खांदा थोपटत म्हणाला. मास्तर नाही म्हणाले तर तो कंप, आणि गप्प बसले तर ती संमती. जर्मनमधला तो 'ऑर्ट' वेगळा, त्याचं घराणं वेगळं. त्याचा मूळ अर्थ 'टोक'. भाल्याचं टोक. त्या क्षणी मला त्या मूळ अर्थाची फार आठवण झाली.

शहराबाहेर आजारी म्हाताऱ्यांसाठी एक केंद्र होतं. पुतण्यानं तिथे काकांचं नाव घातलं. पण केंद्राचा एक नियम होता: ज्याला कळतं, त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं नाही, आणि ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी दोन नातेवाइकांनी संमती द्यायची. म्हणून तपासायला केंद्राच्या एक बाई येणार होत्या आणि संमतीपुरतं भाचीलाही बोलावणं गेलं होतं. मास्तरांनी हे सगळं पलंगावरून ऐकलं. हे घर त्यांनी नोकरीच्या पगारातून बांधलेलं. ती खिडकी त्यांनी मुद्दाम मोठी ठेवलेली.

भाची आली ती बॅग खाली न ठेवताच पलंगापाशी गेली. "मामा?" मास्तरांच्या घशातून आवाज निघाला. तिनं डॉक्टरी सवयीनं हनुवटी धरली आणि तोंडात पाहिलं. मग वळली.

"जीभ कोरडी ठणठणीत आहे यांची. पाणी कधी दिलंत?"

"अहो, चहा देते ना दिवसातून पाच वेळा," मावशी म्हणाल्या. "तोच मागतात बाबा."

"कसा मागतात?"

मावशींनी मला आणि 'ए'ला ट्रेवर शेजारी ठेवून दाखवलं. भाची बघत राहिली. मग तिनं पेलाभर पाणी आणलं. मास्तरांनी तो पेला एका दमात संपवला, निम्मं सदऱ्यावर सांडत. मावशी मटकन खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. त्यांच्यावरचा माझा राग तिथेच गेला. चूक कळल्यावर त्यांना रडू तरी आलं.

"अगं, योगायोग," पुतण्या म्हणाला. "आणि जागा बदलायची हे त्यांनीच सांगितलंय. ओ-आर-टी मांडलं होतं. मावशींना विचार."

"कधी मांडलं?"

"जेवताना."

भाची वाटीपाशी गेली. वाटीत आजचंच कालवलेलं होतं, त्यात पावाचा अर्धा चावलेला कोपरा. दातांच्या डॉक्टरला दातांची खूण दाखवावी लागत नाही.

"हा पाव मामानं चावलाय? त्याला चावताच येत नाहीये, दादा. हे दात तुझे आहेत." तिचा आवाज चढला. "ऑर्ट म्हणजे उष्टं! मी ताटात टाकायचे तेव्हा मामा हाच शब्द लावायचा पटावर. तो तुला ओरडून सांगत होता की मला उष्टं घालू नकोस, आणि तू त्याचं सामान बांधायला घेतलंस?"

"मी... वाया जाऊ नये म्हणून..." पुतण्याचे कान लाल झाले.

एवढ्यात तपासनीस बाई आल्या. शांत, जाड चष्मा, पायात आवाज न करणारे बूट. दोघांचं एकदम बोलणं त्यांनी हात वर करून थांबवलं. "मला शब्दकोश कळत नाही. यांना कळतंय का, तेवढंच मला बघायचंय." त्या पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या आणि साध्या आवाजात, न ओरडता म्हणाल्या, "मास्तर, या बाई तुमच्या कोण लागतात?"

मास्तरांनी मला पुढे ढकललं. मग 'एम'. मग माझी जुळी. ई-एम-ई.

"बघा!" पुतण्या म्हणाला. "असा शब्द तरी आहे का?"

"ईम," भाची म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "ईम म्हणजे मामा. काका नाही, आत्याचे यजमान नाही. फक्त आईचा भाऊ."

मित्रांनो, हे खरं आहे. जुन्या इंग्रजीत मामा वेगळा होता आणि काका वेगळा. जर्मनचा 'ओहाइम' आणि डचचा 'ओम' हे याच शब्दाचे भाऊबंद. डचनं पुढे मामा-काका एकाच शब्दात बसवले. जर्मनचा ओहाइम म्हातारा होऊन कोपऱ्यात बसला. आणि इंग्रजीनं फ्रेंचकडून 'अंकल' आणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं. मास्तरांनी तोच टाकून दिलेला शब्द उचलला.

"पण मी विचारलं या कोण," तपासनीस बाई म्हणाल्या. "यांनी सांगितलं आपण कोण."

"भाचीची, म्हणजे 'नीस'ची, अक्षरं नाहीत डब्यात," भाची ट्रे चाचपत म्हणाली. "एनच नाही. जेवढी होती तेवढ्यांत बसवलं त्यानं."

तपासनीस बाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे नातं बरोबर आहे." मग त्या पुढे वाकल्या. "मास्तर, तुम्हाला आमच्या केंद्रात राहायला यायचंय का?"

मास्तरांनी मान हलवली.

"ती मान नेहमीच हलते," पुतण्या घाईनं म्हणाला. "त्यावर जाऊ नका."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट ट्रेवर फिरलं. माझ्यावरून गेलं, थांबलं नाही. मला वाईट नाही वाटलं, मित्रांनो. त्यांनी 'ओ' ओढला. त्याच्या आधी जे अक्षर हवं होतं ते ट्रेमध्ये नव्हतं. बोट फिरत राहिलं आणि त्या नवाबावर, 'झेड'वर, येऊन थांबलं. त्यांनी तो ओढला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं ढकलत, घसरू देत, पुन्हा पकडत, पाव वळसा फिरवला. कपाळावर घाम आला होता. झेड कुशीवर पडला.

"काका, तो झेड आहे," पुतण्या म्हणाला.

तपासनीस बाईंनी जरा निरखून पाहिलं. "मला तर 'एन' दिसतोय."

एन-ओ. नो. हा शब्द तुम्हा सगळ्यांना येतो, म्हणून तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. तोही जोडून झालेला आहे. 'ने' म्हणजे नाही, 'आ' म्हणजे कधीही. कधीही नाही. मास्तरांना तो शब्द किती दिवसांपासून हवा होता, हे मला ठाऊक आहे; कारण रोज ते बोट आमच्यामधून एन शोधत फिरायचं.

तपासनीस बाई उठल्या. "यांना कळतं, आणि यांची संमती नाही. माझं काम झालं." दारापाशी थांबून त्या पुतण्याला म्हणाल्या, "आणि जेवण ताजं द्या हो."

त्या गेल्यावर पुतण्या पलंगाच्या कडेला बसला. खरंच गोंधळला होता तो. म्हणाला, "काका, मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

सांगितलं नाही! मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी पहिला शब्द बोलले असते आणि तो कुठल्याच शब्दकोशात नसता. भाचीनंही तोंड उघडलं होतं. पण मास्तरांनी डावा हात उचलला, पुतण्याची बाही धरली आणि त्याला खाली ओढलं. आणखी खाली. जमिनीकडे. आधी कुणालाच कळेना. मग भाचीला कळलं.

"सोफ्याखाली बघ म्हणतोय तो. अक्षरं शोध."

"आत्ता?"

"आत्ता. माझी अर्धी भाषा तू झाडून टाकलीस म्हणतोय."

आता हे लिहिलं जातंय तेव्हा पुतण्या पोटावर पालथा पडलेला आहे. हात खांद्यापर्यंत सोफ्याखाली आहे, केसांत जळमटं आहेत. भाची स्टुलावर बसून "अजून आत, अजून आत" म्हणते आहे. टेबलाखालचा 'आय' आधीच निघाला आहे, त्यामुळे टेबल डुगडुगतं आहे. डुगडुगू दे. मास्तर ताजं जेवण जेवत बघत आहेत.

मित्रांनो, मी विनवणी करणार नाही. माझा स्वभाव तसा उरलेला नाही. खेळ संपला की सोंगट्या मोजा. एक कमी भरली तर ताटावर बसू नका, आधी वाका आणि शोधा. एक गुणाची आहे म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या घरातल्या कुणाला तरी एक दिवस नेमकं तेच अक्षर लागणार आहे, आणि ते मिळालं नाही तर तो माणूस काय म्हणत होता ते तुम्ही तुमच्या सोयीनं ठरवाल. मी बघितलंय तुम्हाला ठरवताना.